दादाची लाल गिटार

पुलगावला गिरणीच्या चाळीत जाऊन ‘जाझवाला प्रेमदास कुठं राहते?’ असं विचारा. लोक आधी हसतील, मग घर दाखवतील. त्या हसण्याचा मला तेव्हा राग यायचा आणि आजही येतो. प्रेमदास ताकसांडे माझा मोठा भाऊ. कापडगिरणीत फिटर. दिवसभर बिघडलेले साचे उघडायचे, ठाकठीक करायचे आणि संध्याकाळी हातपाय धुऊन विहारात भीमगीतांच्या पार्टीत बेंजो वाजवायचा. आमच्याकडचा बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेली लांबट पेटी. एका हातानं बटणं दाबायची, दुसऱ्यानं तारा छेडायच्या. चौदा एप्रिलला दादाचा बेंजो सुरू झाला की बाया लेकरं कडेवर घेऊन पुढं सरकायच्या. बरं चाललं होतं त्याचं. पण नुसतं बरं चाललेलं माणसाला पुरतं थोडंच?

झालं असं, की मिलिटरीच्या डेपोत शिलाँगकडचा एक जवान बदलून आला. त्याच्याकडे गिटार होती. सुटीच्या दिवशी तो स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर वाजवत बसायचा. दादा त्याच्यासमोर जाऊन बसला तो बसलाच. त्याला मराठी येत नव्हती आणि दादाची हिंदी म्हणजे मराठीला शेवटी ‘है’ लावलेलं. पण कोणतं बोट कुठं ठेवायचं हे सांगायला भाषा लागते कशाला? दोन उन्हाळे निघाले आणि दादाची बोटं गिटारवर पळायला लागली. त्या जवानाकडे एक छोटा रेडिओही होता. त्याच्यावर बाहेरच्या देशाचं कुठलंतरी स्टेशन लावून त्यानं दादाला जाझ ऐकवलं, आणि माझा सरळमार्गी भाऊ कामातून गेला.

मी तेव्हा सेलूला जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकतीच मास्तरीण म्हणून लागले होते. तिथंच खोली घेऊन राहायची आणि शनिवारी घरी यायची. त्या शनिवारी मी पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच दादानं मला धरलं.

“बाई, आयक,” तो म्हणाला. धाकट्या बहिणीलाही आमच्याकडे लाडानं बाईच म्हणतात. “आपल्या पार्टीतला बुवा गाता गाता ओळ सोडून मनानंच फिराले जाते का नाई? जाते. अन् मंग फिरून बरोबर समेवर येते. तसंच हाय हे. फक्त याच्यात सारेच पाळीपाळीनं फिराले जातात. पेटीवाला जाते, पिपाणीवाला जाते. अन् कोणी हरवत नाई.”

“मग?”

“मंग काय मंग? मले वाजवाचं हाय ते.”

त्याचे डोळे असे चमकत होते की मला हसू आलं. दादा तेव्हा तिशीला आला होता. त्यानं आयुष्यात स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. माझ्या डी.एड.च्या वेळी त्यानं स्वतःची सायकल विकली होती आणि विचारलं तर म्हणाला होता, पायी चाललं की तब्येत चांगली राहते. असा माणूस ‘मले पाहिजे’ म्हणतो तेव्हा ऐकावं लागतं.

पुढं त्या जवानाची बदली झाली. तो गेला, त्याची गिटारही गेली. दादा काही दिवस चमच्यानं ताटावर ठेका धरत जेवायचा. माय ओरडायची, तो थांबायचा, पुन्हा सुरू करायचा.

आता प्रभाकरराव बँडमास्तरांबद्दल सांगायला हवं. मिलिटरीच्या बँडमधून निवृत्त झालेला हा माणूस पुलगावात लग्नाचा बँड चालवायचा. नवरदेवाच्या घोड्यापुढं क्लॅरनेट वाजवताना त्यांचा चेहरा असा असायचा, जसं कुणी बळंच कारल्याची भाजी वाढली आहे. कारण तरुणपणी त्यांनी कलकत्त्याच्या एका हॉटेलात जाझ वाजवलं होतं. त्या साली, म्हणजे अठ्ठ्याहत्तर साली, डेपोच्या ऑफिसर क्लबनं त्यांना विचारलं, की वर्षअखेरच्या नाचाला तुमचे लोक इंग्रजी संगीत वाजवतील का? मास्तर एका दिवसात दहा वर्षांनी तरुण झाले. ट्रंपेट होतं, सॅक्सोफोन होता, ड्रम होता. गिटार नव्हती.

त्यांनी दादाला बोलावून घेतलं. “प्रेमदास, टपरीवर तुझा हात मी पाहिलाय,” ते म्हणाले. “हात चांगला आहे. पण नुसता हात घेऊन मी काय करू? गिटार आण. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी चार वाजता माझ्या शेडमध्ये वाजवून दाखव. नाही जमलं तर नागपूरला एक जण आहे, त्याला कळवून टाकतो. मला थांबता येणार नाही.”

दादा तिथून घरी पळत आला. खरंच पळत. गिरणीतला फिटर माणूस, बाजारातून पळत. कोणी मेलं की काय म्हणून शेजारची रुख्माबाई दारात आली. आता दादाला जिवंत माणसांबरोबर, खऱ्या ड्रमबरोबर ते संगीत वाजवायला मिळणार होतं. पुलगावात अशी संधी एकदा आली तीच खूप झाली, दुसऱ्यांदा कोण देतो?

नवी गिटार घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं, तो विषयच नको. पण सेलूला पुंडलिकराव नावाचे बैलांचे दलाल होते. त्यांना हौस दांडगी. त्यांनी एक ऑर्केस्ट्रा काढला होता, तो वर्षभरात मोडला आणि सगळी वाद्यं त्यांच्या गोठ्याशेजारच्या खोलीत पडून होती. मी शाळेत जाता-येता ती खोली पाहायची. एका शनिवारी मी ती बातमी घरी आणली, “त्यांच्याकडे गिटारी आहेत. दोन. विकून राह्यले ते.”

जेवता जेवता दादानं आम्हाला सांगितलं, की जाझला गिटार कशी लागते. “दांडी सरळ पाहिजे. तारा बोटाच्या जवळ पाहिजे, दाबता दाबता जीव नाई गेला पाहिजे. अन् आवाज कोरडा पाहिजे. टक वाजली अन् चूप झाली, अशी. घुमणारी नको.”

आमच्या बाच्या हातातला घास हातातच राहिला. “घुमत नाई तं मंग ते वाजवाचं कायले?”

“बाकीचे वाजवतातच ना बा. त्याच्यात आपणही घुमलो तं सारा काला होते.”

बाला हे पटलं नाही. तरी तो म्हणाला, “मी येतो संगं.” हे होणारच होतं. आमचा बा, तानबा ताकसांडे, जन्मभर बैलगाड्या हाकलेला माणूस. अर्ध्या तालुक्यातले शेतकरी बैल घ्यायला जाताना त्याला सोबत न्यायचे. दलालाशी सौदा बाशिवाय कोण करणार? आणि दलाल तर दलाल, बैल असो की गिटार. दुसऱ्या दिवशी, रविवारी, सेलूला जाताना एस्टीत त्यानं दादाला पुन्हा पुन्हा बजावलं.

“पाय प्रेमदास. जे पाहिजे त्याच्याकडं पाहाचंच नाई. दुसऱ्याच्याच पाठीवरून हात फिरवाचा. जे पाहिजे त्याले नावं ठेवाची. दलाल माणसाचे डोळे वाचते. अन् सौद्याच्या वेळी तू तोंड उघडजो नको. तो माहा धंदा हाय.”

“हो बा,” दादा म्हणाला. त्याचा पाय एस्टीच्या पत्र्यावर ठेका धरून बसला होता. मीसुद्धा केस पुन्हा पुन्हा सारखे करत होते, जशी माझीच सोयरीक ठरायची आहे.

पुंडलिकरावांनी खोली उघडली. आत ढोलक्या, माइकचे दांडे, एक फाटका अकॉर्डियन, आणि भिंतीला टेकवलेल्या दोन गिटारी. एक लाल, चकचकीत, कडेला मोत्याच्या शिंपल्यासारखी नक्षी. दुसरी काळी, पॉलिश उडालेलं, कडेला चिकटपट्टी लावलेली, आणि पोटावर गोल भोकाऐवजी व्हायोलिनला असतात तशा दोन वाकड्या फटी. ती काळी पाहिली आणि दादाचे कान लाल झाले. मी बहीण आहे, मला कळतं.

त्यानं काळी उचलली. बंदुकीचा नेम धरावा तशी दांडी डोळ्यापुढं धरून पाहिली. एकदा छेडली. टक. आवाज आला आणि लगेच थांबला. दादानं ती पटकन खाली ठेवली आणि तोंड वाकडं केलं.

“हे काय हो पुंडलिकराव? डालड्याचा डबा वाजून राह्यला.”

मग त्यानं लाल गिटार घेतली. ती वेगळ्याच जातीची होती. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी कांडी सरकवून वाजवायची, तिला हवाईयन गिटार म्हणतात. आमच्या भागात ऑर्केस्ट्रात सगळे तीच वाजवत. तारा दांडीवरच्या पट्ट्यांपासून एवढ्या उंच, की खालून उंदीर जावा. दादानं ती छेडली तर आवाज घुमतच राहिला, घुमतच राहिला. “वा,” तो म्हणाला. “काय आवाज हाय. काय रंग हाय.” त्याची नजर तिच्यावरून हटेना. मी मनात म्हटलं, शाब्बास दादा, बाचा खरा लेक शोभतोस.

बानं दोन्ही गिटारी तपासल्या. पाठीवर थापट्या मारल्या, पोटात डोकावून पाहिलं, दांडी हातानं दाबून पाहिली. दात बघायचे तेवढे राहिले. मग त्यानं दादाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, एक सुस्कारा सोडला आणि खांद्यावरचा दुपट्टा काढून आपल्या हातावर टाकला. पुंडलिकरावांनी दुपट्ट्याखाली हात घातला. बैलबाजारात सौदा असाच होतो. तोंडानं कोणी बोलत नाही, दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा. बाजूच्या माणसाला काही कळत नाही. बा मान हलवायचा, पुंडलिकराव डोळे मिटायचे. दादानं मला हळूच डोळा मारला. आनंद त्याच्या अंगात मावत नव्हता.

शेवटी बानं हात बाहेर काढला, दुपट्टा झटकला आणि म्हणाला, “झालं.” आणि त्यानं लाल गिटार उचलली.

दादाच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यानं माझा हात घट्ट दाबला. कारण दुपट्टा झटकला म्हणजे शब्द गेला. मग बैल लंगडा निघो की आंधळा, त्या बाजारात तो तुमचा. शब्द फिरवणाऱ्याच्या दुपट्ट्याखाली पुन्हा कोणी हात घालत नाही. आणि आमच्या बानं उभ्या आयुष्यात शब्द फिरवला नव्हता. गरीब माणसाची तेवढीच तर इस्टेट.

परतीच्या एस्टीत बा खुशीत होता. “लेका, तू तं पार डोळेच लावून बसला तिच्यावर. एवढं सांगतलं तरी. त्याच्यानं भाव चढला. पण म्हटलं, पोराचा जीव गुतला हाय, जाऊ दे, घेऊन टाकू.”

आता माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शाळेत मी प्रमाण भाषा बोलते, पण राग आला की ती माझ्याजवळ राहत नाही. “बा, तुमीच सांगतलं ना त्याले, जे पाहिजे त्याच्याकडं पाहू नको म्हणून? तो काय करून राह्यला होता मंग? त्याले ते काळी पाहिजे होती.”

“ते डबडं?” बा म्हणाला. “अवो, ते कोणाले पाहिजे असन? मले वाटलं पोरगं शहाणपण इसरलं.”

“तुमी शिकवलं अन् तुमीच इसरले.”

“राहू दे बाई,” दादा म्हणाला.

बानं एकदा मांडीवरच्या गिटारकडे पाहिलं, एकदा दादाकडे. आणि मग चालत्या एस्टीत उठून उभा राहिला. “कंडक्टर, थांबवा. मी जाऊन सांगतो पुंडलिकरावले. म्हणतो, चुकलो.” माझा राग कुठल्या कुठं गेला, रडूच आलं. दादानं त्याला हाताला धरून खाली बसवलं. “बसा बा. झाला सौदा. मी पाहतो काय कराचं ते.”

तरी मी काही स्वस्थ बसणारी नाही. सोमवारी मधल्या सुटीत मी पुंडलिकरावांकडे गेले आणि म्हटलं, बाचा शब्द बाजूला ठेवा, मी माझा सौदा करते, मला काळी द्या आणि लाल परत घ्या. पुंडलिकराव हसायला लागले. “मास्तरीणबाई, ते तं त्याच दिवशी संध्याकाळी गेली. नागपूरचा एक माणूस आलता. तुमच्या भावानं तिले डबा म्हटलं, मले वाटलं खरंच डबा हाय, मीही डब्याच्याच भावात देऊन टाकली.” बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत म्हणतात, इथं बोलण्यानं आमचे गहू दुसऱ्याच्या घरी गेले. मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. मला त्या गावात पुढं नोकरी करायची होती.

त्या शनिवारी मी घरी निघाले ती दादाचं समाधान कसं करायचं याचा विचार करत. दुसऱ्याच दिवशी मास्तरांकडे चार वाजता वाजवून दाखवायचं होतं. घरी पोचले तर दादा अंगणात लाल गिटार उताणी पाडून बसलेला, बाजूला कानस, पक्कड, आणि चेहरा असा की लग्नघरच जणू.

“बाई, हे तीच हाय,” त्यानं मला पाहताच सांगितलं.

“कोणती?”

“आतून साधीच गिटार हाय हे. दांडीच्या टोकाले हे लोखंडी पट्टी बसवून तारा उचलल्या हायत, अन् इकडं तारा टेकतात त्या घोडीवरचं हाड उंच ठेवलं हाय. बस, एवढंच. पट्टी काढून टाकली अन् हाड कानशीनं उतरवलं, की तारा खाली येतात. दांडी सरळ हाय, मी पाह्यली. बानं चांगली दांडी पाह्यली.”

बा ओट्यावर बसला होता. शेवटचं वाक्य त्याच्यासाठी होतं. त्यानं मान वळवली आणि उगाच दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

“आणि जास्त घासलं गेलं तर?” मी विचारलं.

“मंग ते हवाईयनही राहत नाई अन् साधीही राहत नाई,” दादा म्हणाला. “घासलेलं हाड काही परत वाढत नाई.” हे सांगतानाही तो हसत होता. मला वाटलं याला ताप आला असावा.

रविवारी सकाळी घासणं सुरू झालं. दादानं पट्टी काढली, हाड काढलं आणि कानस चालवायला लागला. थोडं घासायचं, बसवायचं, तारा ताणायच्या, वाजवून पाहायचं, पुन्हा काढायचं. मी तारा धरायला, बा हाड हरवू नये म्हणून ते तळहातावर घेऊन बसायला. चाळीतली माणसं येऊन उभी राहायची आणि गिटारीचं ऑपरेशन बघून जायची. तारा खाली यायला लागल्या. दादानं बोटं ठेवली, छेडलं, आणि खरंच, त्या जवानाची वाजायची तशी ती वाजली. माय स्वयंपाकघरातून बाहेर आली. मला वाटलं आता उठून नाचावं.

“अजून एक हात,” दादा म्हणाला.

तो एक हात जास्त झाला. बसवून वाजवलं तर दोन बारीक तारा दांडीवरच्या पट्ट्यांना घासून चरचरायला लागल्या, आणि सगळ्यात जाडी तारही. मधल्या तीन मात्र स्वच्छ. दादानं पुन्हा पुन्हा बघितलं. चरचर जाईना.

“अजून तीन तं हायत,” शेवटी दादाच म्हणाला.

“तीन चाकांवर गाडी जाते का?” मी चिडून म्हटलं. मला चिडायचं नव्हतं, पण तोंडाला सवय.

“ऑटो जाते,” बा म्हणाला.

दादा एवढ्या जोरात हसला की मायही हसली. मग तो तीन तारा धरून बसला. कोणते सूर त्या तिघींत मावतात, कोणते सोडायचे, बोटं कुठून कुठं न्यायची, सगळं नव्यानं बसवलं. सहा तारांचं काम तिघींकडून घेतलं. राहता राहिलं घुमणं. लाल गिटार अजून विहिरीत हाक मारल्यासारखी घुमायची. दादानं उशीची शिवण उसवली, मूठभर कापूस काढला आणि गिटारीच्या पोटात कोंबला. छेडलं. टक. कोरडा, छोटा, गोड आवाज. दादानं माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे. मायची उशी गेली, तिची बोलणी आम्ही दोघांनी आनंदानं खाल्ली.

चार वाजता आम्ही तिघं मास्तरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये. बा आणि मी भिंतीजवळच्या बाकावर. मास्तरांनी लाल गिटार पाहिली आणि कपाळाला हात लावला.

“हे काय आणलंस? ही तर मांडीवर निजवून वाजवतात.”

“उठवली तिले मास्तर,” दादा म्हणाला आणि गिटार छातीशी धरून वाजवू लागला. मास्तरांचं कपाळ सैल झालं. त्यांनी जवळ येऊन बघितलं.

“बाकीच्या तारांना का नाही छेडत?”

“त्या बोलल्या की भांडतात.”

“मग हातच लावू नकोस त्यांना,” मास्तर म्हणाले. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. मला काहीच अंदाज येईना. त्यांनी पायानं चार ठोके दिले आणि सगळे सुरू झाले.

मी असं काही आधी ऐकलं नव्हतं. ट्रंपेट ओरडायला लागलं, सॅक्सोफोन त्याला उत्तर द्यायला लागला, ड्रमवाला तर सुटलाच. आणि मास्तरांचं क्लॅरनेट. तो वरातीतला चेहरा कुठं गेला होता कोण जाणे. माझ्या अंगावर काटा आला. पण थोड्या वेळानं बानं मला कोपर मारलं.

“प्रेमदासचं काईच आयकू येऊन नाई राह्यलं.”

खरंच होतं. दादाचा हात चालत होता, खाली, खाली, खाली, खाली, पण त्या गदारोळात गिटार कुठंच नव्हती. मी कान देऊन बसले. काही नाही. एवढी कानस, एवढा कापूस, आणि आवाजच नाही. आता मास्तर नागपूरला कळवणार.

आणि तेवढ्यात मास्तरांनी क्लॅरनेट वाजवता वाजवताच उजव्या हाताचा पंजा दादाकडे केला. थांब. दादानं मास्तरांकडे पाहिलं. मग तारांवर हात सपाट ठेवला. त्याचा चेहरा मला बघवेना, मी मान खाली घातली.

बाकीचे वाजवतच होते. पण काहीतरी झालं. ड्रमवाला पुढं पळायला लागला. ट्रंपेट त्याच्यामागं धावलं आणि अडखळलं. सॅक्सोफोन एकटाच मागं राहिला. माय दोन दिवस गावाला गेली की घरात जसं होतं तसं सगळं झालं, माणसं तीच, भांडी तीच, पण काही जागेवर सापडेना. बा ताडकन सरळ बसला.

“अरे, बिघडलं काऊन हे? काय झालं?”

मास्तरांचा हात पुन्हा वर गेला. दादा आत शिरला. टक, टक, टक, टक. मला आताही ऐकू आली नाही त्याची गिटार, शपथ घेऊन सांगते. पण ड्रमवाला जागेवर आला, ट्रंपेटनं श्वास घेतला, सॅक्सोफोन येऊन मिळाला आणि सगळं असं उचललं गेलं की बाचा पाय आपोआप जमिनीवर पडायला लागला. मी रडत होते आणि हसत होते. कोणी पाहिलं असेल तर पाहो.

गाणं संपलं. मास्तर दादाशी बोलले नाहीत. ते ड्रमवाल्याकडे आणि ट्रंपेटवाल्याकडे वळले. “कळलं ना? हा थांबला की तुम्ही सगळे रस्त्यावर. आजपासून कान याच्याकडे ठेवायचा.” मग क्लॅरनेट पुसत, जसं काही विशेष झालंच नाही अशा आवाजात, दादाला म्हणाले, “एकतीस तारखेला क्लबात काळी पँट आणि पांढरा शर्ट लागतो. काळी पँट आहे ना?”

तिशीचा माणूस, गिरणीतला फिटर, लाल गिटार पोटाशी घट्ट धरून उभा होता आणि त्याचे डोळे भरून आले होते.

“आहे,” मीच म्हटलं, मोठ्यानं.

नव्हती. दादाकडे गिरणीच्या खाकी पँटींशिवाय दुसरी पँटच नव्हती. पण अख्खा डिसेंबर पुढं पडला होता, पुलगावात शिंपी होते, आणि माझा पगार नुकताच झाला होता.